वेड्याचं पान

"अहो, उठा, उठा! तुम्ही वेड्यावर बसलात!"

तो माणूस दचकून उभा राहिला. बाकावर वाळत घातलेला कागद क्षणभर त्याच्या पँटला चिकटून वर आला आणि अलगद जमिनीवर पडला. कागदावरचा गाठोडंवाला भटक्या, म्हणजे पत्त्यांतला वेडा, फिकुटला होता. त्याचा सगळा लाल रंग पाहुण्याच्या पाठीमागे जाऊन बसला होता.

"हसा, हसा," तो मान वळवून स्वतःचीच पाठ बघत म्हणाला. "मार्सेयमध्ये असंच स्वागत करतात वाटतं?"

"मी कुठे हसले?" असं म्हणत सिदोनी पोटभर हसली.

पत्ते छापायचे लाकडी ठसे दुरुस्त करायला लियोंहून कारागीर येणार, असं ब्लांदीन आत्या म्हणाली होती. सिदोनीने मनाशी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा धरून ठेवला होता... आणि आला तो हा गास्पार. लांब बोटांचा, कानात भुसा अडकलेला.

टेकडीवरच्या अरुंद गल्लीत आत्याचा टॅरोच्या पानांचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे तरी काय, माडीवरची एक खोली! नासपतीच्या लाकडात कोरलेले जुने ठसे, त्यांचे काळे छाप, आणि कापलेल्या जाड कागदांतून ब्रशने रंग भरणारी सिदोनी. खाली आत्या गल्लीतल्या बायकांना पानं मांडून द्यायची. "भविष्यबिविष्य काही कळत नाही हो," ती सरळ सांगायची. "आपलाच प्रश्न जरा लांब धरून बघायचा, इतकंच."

तडा गेला होता तो तेराव्या पानाच्या ठशाला. विळा चालवणारा हाडांचा सापळा, आणि काळ्या मातीतून उगवल्यासारखी डोकी, हात, पानं.

"इतर पानांखाली नाव आहे. इथली पट्टी कोरीच?" गास्पारने पहिल्याच दिवशी विचारलं.

"त्याचं नाव लिहीत नाहीत."

"मरणाला घाबरून?"

"लोक तसंच म्हणतात. आत्या म्हणते, हा मारत नाही, शेत साफ करतोय. पुढच्या पेरणीसाठी." सिदोनी ब्रश पुसत राहिली. "नाव दिलं की माणूस बघायचं थांबतो. दिलं नाही तर... बघत राहतो."

तो खरंच बघत राहिला. पण ठशाकडे नाही. सिदोनीने घाईघाईने निळ्या रंगाची वाटी ढवळली. ती आधीच नीट ढवळलेली होती.

दिवसभर बाहेर मिस्त्राल वारा खिडक्या खडखडवायचा आणि आत हे दोघं एकमेकांची थट्टा करायचे.

"हे कुत्रं बघा," एकदा तो वेड्याचं पान उचलून म्हणाला. वेड्याच्या मांडीवर पंजे रोवून एक कुत्रं उभं होतं. "हे त्याला पुढे ढकलतंय, की मागे धरून ठेवतंय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी ठसे कोरतो. मला सगळं उलटंच दिसतं."

"मग तुमचं बोलणंही उलटंच वाचायला हवं!"

"वाचा ना," तो हळूच म्हणाला.

सिदोनीच्या ओठांवर काहीतरी आलं... आणि तिने ते गिळलं. "इथे रंग सांडलाय, पाय सांभाळा."

तिचं हे नेहमीचंच. "तुम्ही इथेच राहिलात तर..." असं एकदा म्हणून बसली आणि पुढच्याच श्वासाला, "म्हणजे बाकीच्या ठशांनाही भेगा आहेत, म्हणून हो!" लहानपणी आई एका सकाळी बोटीवर गेली ती परतलीच नाही. तेव्हापासून कुणाला 'थांब' म्हणायची तिला भीती वाटायची. म्हटलं आणि नाही थांबलं कुणी, तर?

रविवारी दुपारी जेवण झालं की पत्त्यांचा डाव. इतर लोक खेळायला वेगळी पानं घेतात. या घरात खेळही जुन्या पानांनीच. गास्पारला नियम सिदोनीनेच शिकवले.

"वेड्याला कुणी जिंकू शकत नाही. कधीही दाखवायचा आणि परत आपल्याकडे घ्यायचा. फक्त शेवटच्या हाताला राहिला तर समोरच्याचा होतो."

"मग शेवटपर्यंत कोण ठेवेल?"

"वेडी माणसं!"

आत्या बडीशेपेच्या दारूत पाणी घालत होती. पेला दुधाळ झाला. "आमची ही रोज तेच करते," ती म्हणाली. "दाखवते आणि परत घेते. बरं चाललंय पोरीचं, कधी हरत नाही."

सिदोनी कानापर्यंत लाल झाली.

तेराव्याचा तडा बुजला. तुरीनच्या एका कारखान्याचं बोलावणं आलं.

"चांगलं काम आहे," गास्पार म्हणाला. "सोमवारी सकाळच्या गाडीने जायलाच हवं."

"जायलाच हवं," सिदोनी म्हणाली. उलटं वाचायचं धाडस काही झालं नाही.

शेवटचा रविवार. संत्र्याच्या फुलांच्या वासाची बिस्किटं तशीच पडून होती. गास्पार एकटा, आत्या आणि सिदोनी विरुद्ध बाजूला. सिदोनीला वेडा आला होता. एकेक हात होत गेला. वेडा दाखवायची संधी आली... गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आत्याने भुवई उचलली. शेवटी प्रत्येकाच्या हातात एकेकच पान उरलं.

सिदोनीने तिचं पान टेबलावर ठेवलं. गाठोडं, काठी, कुत्रं.

खिडकी खडखडली.

"चुकून राहिलं का?" गास्पारने विचारलं.

"चुकून?" आत्या खुर्ची मागे सारत उठली. "तिला बोलता यायच्या आधी पत्ते यायला लागले होते! मी कॉफी बघते." कॉफीची किटली टेबलावरच होती.

गास्पारने पान ओढून घेतलं. खूप वेळ बघितलं.

"मग... हे कुत्रं काय करतंय?"

सिदोनीने वाकून कुत्र्याच्या पंजांवर बोट ठेवलं.

"धरून ठेवतंय," ती म्हणाली. "थांब, गास्पार. जाऊ नकोस."

पहिल्यांदाच तिने त्याला 'तू' म्हटलं होतं. आणि या वेळी पुढच्या श्वासाला ती काहीच बोलली नाही.

"ठसे काय, गाडीने येतात," तो सावकाश म्हणाला. "तुरीनचे इथे मागवता येतील. माणसानेच जायला हवं असं थोडंच आहे?"

त्याने पान शर्टाच्या खिशात ठेवलं.

"हे आता परत मागायचं नाही हं."

"नियमच आहे," सिदोनी म्हणाली.