बाराशे शब्दांचं शहर

तो रस्त्याच्या मधोमध कमरेतून वाकून उभा होता आणि त्याचा कान एका लोखंडी कांबीला चिकटलेला होता. कांबीचं दुसरं टोक डांबरावर टेकलेलं. सकाळचे साडेसहा वाजले होते. गल्लीत आम्ही दोघंच.

"अहो… बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटलेलेच ठेवून एक बोट वर केलं. थांबा, अशा अर्थाने. मला असं बोट दाखवून थांबवलेलं अजिबात खपत नाही. तरी मी थांबले.

"तीन घरं पुढे, डाव्या हाताला," तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने डोळे उघडले, आणि मी दिसल्यावर चक्क ओशाळला. "माफ करा हं. मी पाणीखात्यातला. गळती शोधतोय. ऐकायचंय?"

आता अनोळखी माणसाने भर रस्त्यात कांब पुढे केली, तर शहाणी मुलगी काय करेल? निघून जाईल. मी वाकले आणि कान लावला.

आधी काहीच नव्हतं. मग एक बारीक, चिरका आवाज आला. आणि त्याच्याही खाली… काहीतरी खूप मोठं, संथ, खोल घुमत होतं.

"बारीक आवाज गळतीचा," तो हळू म्हणाला. "आणि खालचा… तो मोठ्या नळाचा. या वेळेला सगळे उठतात ना. आंघोळी, चहा, भांडी. अख्खं शहर एकदम पाणी ओढतं. तो आवाज त्याचा."

सव्वीस वर्षं मी त्या रस्त्यावरून चालत होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"तुम्ही काय करता?" कांब परत घेताना त्याने विचारलं.

"ज्ञानकोशात लिहिते. जगात जे जे आहे, त्याची नोंद करतो आम्ही."

"हे आहे त्यात?"

"…नाही."

"मग जगात नसेल," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि कांब खांद्यावर टाकून निघून गेला. मी दिवसभर चिडलेली होते. संध्याकाळी लक्षात आलं, की चीड त्याच्यावर नव्हतीच.

कारण त्याच आठवड्यात माझ्याकडे आमच्या शहराचा लेख आला होता. चार वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. चार वर्षं मी माहीत नसलेल्या नद्यांवर, विझलेल्या ज्वालामुखींवर आणि कुठल्या कुठल्या राजांच्या मेहुण्यांवर लिहिलं, ते एवढ्याचसाठी, की कधीतरी माझं शहर माझ्या हाती यावं आणि लेखाखाली माझं नाव छापलं जावं. शब्दमर्यादा बाराशे.

बाराशे शब्दांत शहर बसवायचं म्हणजे काय, ते आमच्या मुख्य संपादकांना विचारावं. आम्ही त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणतो. त्यांची कसोटी एकच. "पन्नास वर्षांनी, हजार कोस लांबच्या माणसाने हे वाचलं, तर त्याला याचं काय?" या प्रश्नापुढे महापौरांचं नवं कारंजं टिकलं नाही. माझी शाळा टिकली नाही. वहिनीने तर तिच्या शिंप्याचं दुकान सुचवलं होतं.

"का बरं नाही?" वहिनी म्हणाली. "त्याच्यासारखा ब्लाउज आहे का कुणाचा हजार कोसांत?"

"वहिनी, लेख शहराचा आहे."

"मग शहरात कोण राहतं, पुतळे?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं, पण कात्रीपुढे वहिनीचं काय चालणार.

मी पाणीखात्याच्या ग्रंथालयात गेले, ती फक्त संदर्भ शोधायला. निदान वहिनीला मी तसंच सांगितलं. तिथे कपाटाच्या तळाशी एक अहवाल सापडला. शहरातल्या मोठ्या मैदानाच्या बरोबर खाली एक जुना जलाशय आहे. एकशेतीस वर्षांपूर्वी खणलेला, दगडी खांबांवर तोललेला. शहराचं सगळं पाणी आधी तिथे येतं आणि मग घराघरांत जातं. अहवालाच्या चाळीस प्रती छापलेल्या. लेखकाच्या नावाखाली हुद्दा होता: गळती शोधक.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलासमोर उभी होते.

"तुम्ही… वाचलात?" त्याने विचारलं. "सगळा?"

"तळटीपांसकट."

"तळटीपा माझ्या आईनेही वाचल्या नाहीत हो."

"वाचायला हव्या होत्या. पान एकोणीसवर खांब एकशे अडुसष्ट आहेत. पान बहात्तरच्या तक्त्यात एकशे सदुसष्ट. एक खांब कुठे गेला?"

त्याचा चेहरा असा उतरला, की मला उगाच अपराधी वाटलं. त्याने दोन्ही पानं उघडून पाहिली. मग मानेमागे हात नेला. "सहा वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं."

"मी वाचलं नव्हतं ना तोवर."

"गुणाकार करून चालणार नाही, रांगा सारख्या नाहीत. एका कोपऱ्यात खडक आहे, तो तसाच ठेवलाय." तो थोडा घुटमळला. "परवा साफसफाईसाठी जलाशय रिकामा करतायत. सहा वर्षांतून एकदा, एक दिवस. याल… मोजायला?"

हे असलं आमंत्रण कुणी कुणाला दिलं नसेल. मी लगेच हो म्हणाले.

मैदानाच्या कडेला एक हिरवं लोखंडी दार आहे. मला ते आजवर माळ्याच्या खोलीचं वाटायचं. त्यातून एकेचाळीस पायऱ्या उतरलो. रबरी बूट, हातात विजेरी, गारवा असा की बोटं आखडली. शेवटच्या पायरीवर त्याने विजेरी वर केली.

खांब, खांबांमागे खांब, आणि त्यांच्यामागे उजेड पोचत नव्हता तिथेही खांबच. वर कमानी. खाली बोटभर पाणी उरलेलं, त्यात पुन्हा तेच सगळं उलटं. आमच्या डोक्यावर मुलं क्रिकेट खेळत असतील, भेळ नाहीतर भाजी घेऊन बायका घरी चालल्या असतील, आणि त्यांच्या पायाखाली हे होतं. गेली एकशेतीस वर्षं. मी रोज प्याले होते यातलं.

"प्रत्येक खांबावर बघा," तो म्हणाला. आवाज आपोआप खाली आला होता. कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढी एक खूण कोरलेली होती. मासा. पुढच्यावर शिडी. त्यापुढे तीन टिंबं. "ज्या गवंड्याने खांब उभा केला, त्याची खूण. नावं कुठेच लिहिलेली नाहीत. मी शोधली, दप्तरं पालथी घातली. फक्त या खुणा आहेत."

मी त्या माशावरून बोट फिरवलं. कुणीतरी हे कोरलं होतं, पाण्याखाली जाणार हे माहीत असून. मला एकाएकी रडू येईल असं वाटलं, आणि त्याने ते पाहिलं, आणि पाहिलं नसल्यासारखं केलं. त्या क्षणी तो मला फार आवडला.

मोजायला लागलो, तर दोन मिनिटांत घोटाळा. इथे बोललेला शब्द विरायला नऊ सेकंद लागायचे. त्याचे आणि माझे आकडे एकमेकांत मिसळायला लागले. शेवटी ठरलं, की त्याने पायऱ्यांकडून सुरुवात करायची, मी पलीकडच्या भिंतीकडून. खांबावर खडूची रेघ मारायची. एक आकडा त्याने म्हणायचा, आवाज पूर्ण विरू द्यायचा, मग पुढचा मी.

"एक," लांबून तो म्हणाला. तो आकडा कमानींखालून फिरून माझ्यापर्यंत आला, आणि गेला.

"दोन," मी म्हणाले.

"तीन…"

किती वेळ झाला कोण जाणे. अंधारात एक आवाज माझ्याकडे येत होता आणि मी त्याच्याकडे जात होते, एकेक खांब करत. ऐंशीनंतर त्याची विजेरी दिसायला लागली. एकशे वीसनंतर चेहरा. एकशे पन्नासनंतर आम्ही उगाचच जास्त थांबायला लागलो. आवाज विरून जायचा, तरी कुणी पुढचा आकडा म्हणायचं नाही.

"एकशे सदुसष्ट," तो म्हणाला. आमच्यामध्ये एकच खांब उरला होता.

"एकशे अडुसष्ट." हे मोठ्याने म्हणायची गरजच नव्हती.

त्याने खांबाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मागच्या वेळी मी याच खांबाला टेकून उभा राहून मोजत होतो. तोच राहिला."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणाले, आणि त्या प्रचंड दालनात आमचं हसू नऊ सेकंद घुमत राहिलं.

आमच्याकडे लेखकाने स्वतः मोजलेलं चालत नाही. छापील संदर्भ लागतो. म्हणून त्याने खात्याकडून अहवालाचं रीतसर शुद्धिपत्र काढलं. एका ओळीचं. ते पोस्टाने आलं असतं. तो स्वतः घेऊन आला. पुढच्या आठवड्यात त्याची पोच न्यायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पोच नीट आहे का ते विचारायला.

"तुझ्या पाणीवाल्याची गळती काही थांबत नाही गं," वहिनी म्हणाली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, पण कान तापले ते तापलेच.

लेख पूर्ण झाला. अकराशे अठ्ठ्याण्णव शब्द. जलाशयाला मी शंभर दिले होते. कात्रींनी ते दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवलं. "हे राहील," ते म्हणाले. "हजार कोसांवरच्या माणसालाही हे हवं आहे." मग त्यांनी खणातून एक छापील पान काढलं. "संबंधांचं निवेदन भरून द्या. निरंक ना?"

लेखात आलेल्या माणसाशी किंवा संदर्भाच्या लेखकाशी लेख लिहिणाऱ्याचा जवळचा संबंध असेल, तर तो तिथे लिहायचा, आणि समोरच्याने खाली सही करून त्याला दुजोरा द्यायचा. मग तो लेख दुसऱ्याकडे जातो. नवा माणूस सगळं पुन्हा तपासतो, आणि नाव त्याचं छापलं जातं. आम्ही सगळे तिथे डोळे झाकून 'निरंक', म्हणजे काही संबंध नाही, असं लिहितो. मी पेन टेकवलं, आणि हात पुढे सरकेना.

संबंध तरी काय होता? त्याने माझा हातसुद्धा धरला नव्हता. एकशे अडुसष्ट आकडे म्हटले होते आम्ही, बस्स. पण गेले दोन महिने मी नळ सोडला, की आधी तो आठवायचा आणि मग पाणी दिसायचं. याला निरंक म्हणणं मला जमेना. "उद्या देते, सर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका चौकात सापडला, कान कांबीला. मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. संबंधाचं स्वरूप, या रकान्यात मी लिहिलं होतं: माझ्या बाजूने प्रेम. त्यांच्या बाजूचं त्यांनी लिहावं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. कांब त्याच्या हातातून सुटली आणि खणखणत रस्त्यावर पडली. शेजारच्या खिडकीतून एका आजोबांनी डोकं बाहेर काढलं.

"हे… दिलंत तर लेख जाईल ना तुमच्याकडून?"

"जाईल."

"चार वर्षं थांबला होतात तुम्ही."

"माहितीये मला."

त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं, कागद विजेच्या पेटीवर ठेवला आणि लिहायला लागला. मी वाकून पाहिलं. 'नि' लिहून झालं होतं, 'र'ची सुरुवात होती.

"काय लिहिताय?"

"माझ्या बाजूने निरंक." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "एकतर्फी असेल तर लेख नाही जाणार. शहर तुमच्याकडे राहील. बाकीचं… आपलं आपण बघू."

"खरं आहे का ते?"

"काय?"

"निरंक."

त्याचे कान लाल झाले होते.

"मग नीट ऐका," मी म्हणाले. "तुमचा अहवाल मी संदर्भ म्हणून धरलाय. का, तर चूक दाखवल्यावर तुम्ही अंधारात उतरून पुन्हा मोजलंत. जो माणूस एका खांबासाठी खोटं बोलत नाही, तो माझ्यासाठी बोलायला लागला, तर मला त्याचा अहवालही नको आणि… आणि तोही नको."

आजोबा खिडकीतून हलले नव्हते.

त्याने 'नि' खोडलं. खोडलं की बाजूला सही करायची असते, तीही केली. मग त्याखाली सावकाश लिहिलं: माझ्याही बाजूने प्रेम. जास्त.

"जास्त कशावरून?" मी डोळे पुसत विचारलं. "पुरावा काय?"

"देतो ना. हळूहळू देतो."

तो माझ्याबरोबर कार्यालयापर्यंत आला आणि बाहेर पायरीवर थांबला. आत कात्रींनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग माझ्या बाजूची लेखाची फाइल उचलून त्यांनी टेबलाच्या पलीकडे, स्वतःच्या बाजूला ठेवली. हातभर अंतर असेल, पण मला ते सहन झालं नाही. खोटं कशाला सांगू, मी त्यांच्यासमोर रडले.

"मीच तपासतो हा लेख," ते म्हणाले. "एक शब्दही उगाच जाणार नाही. फक्त नाव तुमचं नसेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज अर्धा दिवस रजा टाका. तो मनुष्य उन्हात उभा आहे."

मी बाहेर आले. त्याने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता माझा हात हातात घेतला. कांबीने घट्टे पडलेला, गार हात.

"गेलं?"

"गेलं."

"रडू नकोस ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच असं एकेरीत. "मी काय करू, सांग."

"काही नको. नुसतं चल माझ्याबरोबर."

आम्ही निघालो. कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा कानस घासत होता. एक बाई गच्चीवरून खाली कुणालातरी ओरडून विसरलेला डबा दाखवत होती. वहिनीचा शिंपी दारात उभा राहून सुईत दोरा ओवत होता, आणि महापौरांच्या कारंज्यात एक कुत्रं निवांत बसलं होतं. चार वर्षांत मी या शहरातली प्रत्येक गोष्ट बघितली होती ती एकाच हिशेबाने, की ही घ्यावी का सोडावी. आता मला कुणी काही विचारणार नव्हतं. शहर अफाट होतं, आणि मी त्याचा हात धरून ते नुसतं बघत चालले होते.