पाळण्यातला फोन

मिरलान मला भेटला दवाखान्याच्या जिन्यात. मी मधल्याच पायरीवर बसले होते. पुढची चढायचा कंटाळा आला होता.

"सरकता का जरा?" हातात वायरींचं भेंडोळं घेतलेला एक पोरगा म्हणाला.

"नाही."

"बरं..." म्हणून तो शेजारीच बसला. "मी पण दमलोय."

तो फिजिक्सवाला. माझ्या डॉक्टर बाईंच्या संशोधनाच्या कामावर होता. आम्हा पेशंटांच्या फोनमध्ये ॲप टाकायचा — आपण किती हललो, मेसेज किती वेगानं लिहिले, एवढंच ते मोजतं. काय लिहिलं ते नाही. माझं मन कधी उधळतं, झोपच नको म्हणतं. मग खाली जातं, आणि अंथरूण सोडवत नाही.

"यात फिजिक्सचा काय संबंध?" मी विचारलं.

"कोसळायच्या आधी कुठलीही गोष्ट सावरायला जास्त वेळ घेते. मनाचंही तसंच असेल, तर फोनला आधी कळेल."

"आणि तुला?"

"मला सगळ्यात शेवटी. आई तर रोज म्हणते."

हसले मी. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

मग तपासणी झाली की आम्ही बसथांब्यावर मांस भरलेले गरम समसे खायचो. बिश्केक शहरावर हिवाळ्यातला कोळशाचा धूर, आमच्या तोंडून वाफ.

"मी तुझा पण समसा खाल्ला, हे कळतं तुझ्या ॲपला?"

"नाही. तेवढी लाज राखलीये तुझी."

बोटं पुसायला त्यानं स्वतःचा रुमाल दिला. मी परत केला नाही... त्यानं मागितला नाही.

आणि फेब्रुवारीत मी खाली गेले.

भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पण माझ्या हालचालींची रेघ त्याच्या पडद्यावर उमटणार होती ना! जिन्यात हसलेली मुलगी अशी सपाट झालेली त्यानं बघायला नको होती मला. घरात वहिनी बाळाला आमच्या रीतीप्रमाणे लाकडी पाळण्यात बांधून पायानं हलवत बसायची. मी फोन पाळण्यातल्या गादीखाली सरकवला. आता हलू दे काय हलायचं ते.

एका दुपारी मिरलान दारात उभा. वहिनीनं त्याला बसवून पुढ्यात पाव आणि जर्दाळूचा मुरांबा ठेवला. मी आहे त्या कपड्यांत, केस न विंचरलेले.

"तुझी रेघ फार छान येतेय," तो म्हणाला. "एकसारखी, लंबकासारखी. म्हणून आलो. माणूस असा हलत नाही, झिबेक."

वहिनीचा पाय थांबला. त्यानं पाळण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आता डॉक्टर बाईंना सांगणार तू."

"सांगावंच लागेल. तू सांगितलंस तर बरं."

"मग त्या मला ॲडमिट करतील. ये वॉर्डात, माझी रेघ बघायला!"

"चहा प्या, मग भांडा," वहिनी म्हणाली आणि बाळाला सोडवून आत घेऊन गेली.

तो पावाचा तुकडा नुसताच कुस्करत बसला. डोळ्यांखाली काळं आलेलं. "तुझी रेघ आजपासून दुसरं कुणीतरी बघणार. सकाळीच सांगून आलो. मी... मी जिच्याकडे असा बघतो, तिचे आकडे वाचणं बरं नाही."

"कसा बघतोस?"

कानापर्यंत लाल झाला. पण नजर वळवली नाही.

"मिरलान, मी बरी झाले तरी पुन्हा अशी होणार."

"माहितीये. आकडे मीच बघत होतो ना इतके दिवस."

"तरी?"

"तरी."

माझ्यात रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. मी गादीखालून फोन काढला, डॉक्टर बाईंचा नंबर लावला.

"काही बोलू नकोस," मी त्याला म्हटलं. "नुसता हात दे."

दिला. बाहेरच्या थंडीनं अजून गारच होता. पलीकडे रिंग वाजत राहिली... मग आवाज आला.

"बाई, मी झिबेक. मी खाली गेलेय... नाही, एकटी नाहीये."