मळवलेली गाडी

जुनी वस्तू घासूनपुसून नवी करणारे लोक बीदरात पुष्कळ. नवीकोरी गाडी जुनी करायला बसलेला माणूस मात्र एकच, रिटायर ड्रॉईंग मास्तर मुकुंदराव. तेही भर दुपारी, ओसरीवर, सगळ्या गल्लीला दिसेल असे.

गाडी म्हणजे वीतभर लांबीचा मिलिटरी ट्रक. अंग तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं, चाकं इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. दारं काही कापली नव्हती. पत्र्यावर सुईनं रेघ ओढून दार दाखवलं होतं. पोरगा व्यंकटेश फौजेत असाच ट्रक चालवायचा. उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा गाडी हातात घेऊन हसला.

"अप्पा, ही तर रुखवतात मांडायची गाडी झाली. खरी गाडी लई मळकी असतीय. आन् हिचं दार बी उघडत न्हाई. मी उतरू कसा?"

मग डिसेंबरात एकाहत्तरची लढाई लागली. व्यंकटेश पूर्वेला नद्यांच्या मुलखात गेला, एवढं कळलं. पुढं तार न्हाई, निरोप न्हाई. मास्तरांनी काळजी करायची एक रीत काढली. पोराच्या गाडीसारखी हुबेहूब गाडी करायची.

दिव्याची काजळी लावून त्यांनी सायलेन्सर धुरकट केला. कडांचा रंग सुईनं खरवडला. मिठाचं पाणी लावून गंज आणला. बिदरीचं नक्षीकाम करणाऱ्या शंकरप्पाकडून किल्ल्यातली माती आणली. त्या मातीनं जस्ताचा हुक्का काळाभोर होतो, तर पत्रा निदान उन्हापावसातला तरी दिसेल, असा हिशेब. माती डिंकात कालवून चाकांना थापली.

"मास्तर, कामून खराब करायलात चांगली गाडी?" शेजारच्या गुरुपादय्यांनी विचारलं.

"खराब न्हाई. वापरातली करायलोय."

"मग नातवंडं होऊ द्या की. एका दिवसात होती वापरातली."

मास्तरांच्या बायकोची, नलिनीबाईंचीही काळजी करायची रीत होती. त्या घासायच्या. रेडिओवर बातम्या लागल्या की त्या तांब्या-पितळेवर तुटून पडत. घरातली भांडी संपली की नजर खिडकीतल्या ट्रकवर जाई. मास्तरांनी दिवसभर मळवावं आणि बाईंनी चिंच लावून लख्ख करावं, असं चाललं होतं. दोघं एकमेकांवर चिडत, आणि पोराचं नाव कुणीच काढत नव्हतं.

एके सकाळी बाईंनी हाक मारली. "अहो, ही कुठली घाण लावलीत?"

मास्तरांनी चष्मा चढवला. चाकांना करडा, लोण्यासारखा मऊ गाळ होता. बीदरात माती लाल. हा रंग त्यांच्या डब्यातही नव्हता.

"मी न्हाई लावलं."

"मग काय गुरुपादय्या लावून गेले?"

बाईंनी वास घेतला आणि पदर नाकाला लावला. मागच्या चाकात काहीतरी चमकत होतं. मास्तरांनी चिमट्यानं ओढून काढलं. माशाचा खवला होता, बारीक, मोहरीएवढा.

ज्या घरात कांदासुद्धा सणवार बघून शिरायचा, तिथं हा. बाईंनी गोमूत्र शिंपडलं, ट्रक घासला, परत ठेवला. मास्तरांनी टपावर हिरव्या रंगाचा नवा हात दिला, कारण तेवढंच सुचलं.

संध्याकाळी गाळ परत आलेला. ओला. चाकांवरून चढून दाराच्या रेघेपर्यंत.

"आता तुम्ही बघाच," म्हणून बाईंनी ट्रक उचलला आणि अंगणात शालीसाठी रिठे भिजवलेल्या बादलीत सोडून दिला.

बुडबुडे यायला लागले.

एवढ्याशा डब्यात हवा असून असणार किती? पण बुडबुडे थांबेनात. फेसातून येत राहिले, मोठे होत गेले, मग एकदम बारीक झाले.

"काढा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच नव्हता. "अहो, काढा त्याला."

मास्तरांनी हात घातला. बादली गुडघ्याएवढी. हात कोपरापर्यंत गेला. मग दंडापर्यंत. गाल फेसाला लागला तरी बोटांना तळ लागेना.

पाणी वाहत होतं. बादलीत.

मग टप लागला. ओल्या रंगात अंगठा रुतला. त्यांनी दोन बोटांनी धरून ओढला. ट्रक जड होता, गच्च भरलेल्या घागरीसारखा. वर आला, पाणी ओघळलं, आणि हलका झाला.

त्यांनी तो खिडकीत ठेवला. मग बाईंनी भाताला दोन मुठी तांदूळ जास्त घेतले, आणि रोज घेत राहिल्या.

हैदराबादच्या बसनं व्यंकटेश उतरला तेव्हा लढाई संपून गेली होती. वाळला होता, पण धड होता. आईनं आधी त्याची कॉलर तपासली, मग रडली.

जेवताना त्यानं सांगितलं. नदी ओलांडताना तराफा कलंडला. गाडी तळाला गेली, हा आत.

"दार उघडंना, आई. दांडाच लागंना हाताला. दार न्हाईच तिथं, नुसती रेघ हाय, असं वाटलं. मग गाडी वर आली. क्रेन नव्हती. कुणीच नव्हतं. काठाला नीट ठेवल्यासारखी ठेवली."

"लाट आली असंल," मास्तर म्हणाले.

"साहेब बी तसंच लिहून मोकळे झाले. पण टपावर ठसा उठला होता, अप्पा. आडवा झोपलो तर मी मावंन एवढा. गोल गोल रेघांचा." त्यानं घास खाली ठेवला. "आन् अंगाला तीन दिवस रिठ्याचा वास."

"चिंच संपली होती," नलिनीबाई म्हणाल्या.

मास्तरांनी उजवा अंगठा धोतरात लपवला. रंग अजून निघाला नव्हता.

व्यंकटेश आडवा झाला, घोरायला लागला. बाई सवयीनं ओलं फडकं घेऊन खिडकीशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. मास्तर मागून आले.

ट्रकवर लाल माती होती. बीदरची. आणि जे दार कधी कापलंच नव्हतं, ते नखभर उघडं होतं. दारापासून धुळीत बारीक ओली पावलं उमटली होती, मुंगीएवढी, एकामागं एक, घरात वळलेली.

बाईंनी फडकं हळूच मागं घेतलं.