रंगानं लावलेले तुकडे

त्या दोघांची पहिली भेट जमिनीवर बसून झाली, तीही नुकत्याच पुसलेल्या ओल्या जमिनीवर. ती मावशीच्या साखरेचा रिपोर्ट घ्यायला इस्पितळाच्या तळमजल्यावर गेली होती. तो लॅबमधून सहा ट्रे एकावर एक रचून निघाला होता – माणसाला देवानं दोनच हात दिलेत हे विसरून. व्हायचं तेच झालं. तो सावरला, ट्रे सावरले नाहीत. फरशीभर बोटाच्या पेराएवढे रंगीत चौकोन सांडले.

तिचं दोऱ्या-बटणांचं दुकान. सांडलेलं उचलणं हा तिचा रोजचा व्यायाम. तो ‘अहो, राहू द्या’ म्हणेपर्यंत तिनं दोन ट्रे भरलेही होते. बघता बघता सगळे झाले. गुलाबी एकीकडे, पिवळे एकीकडे, फिकट निळ्याच्या शेजारी गडद निळे.

तो बराच वेळ त्या ट्रेंकडे बघत राहिला.

“फार सुंदर लावलेत,” तो म्हणाला. “फक्त... हे नंबरानं लावायचे असतात.”

सहाशे होते. चूक आपली, म्हणून ती थांबली. खालच्या थंडगार खोलीत दोघं समोरासमोर स्टुलांवर बसून नंबर लावत होते. तिसऱ्या ट्रेला तिनं विचारलं, हे आहे तरी काय. तो सांगू लागला. कॅन्सरच्या तपासणीसाठी रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचा कागदाहून पातळ काप काढून काचेवर बघतात. उरलेला तुकडा अशा रंगीत चौकोनात इथे दहा वर्षं ठेवायचा आणि मग टाकून द्यायचा. संशोधन करणाऱ्यांना तो सोन्यासारखा, पण नातेवाइकांची लेखी संमती हवी, आणि ती मिळवत फिरायला इथे माणूस नाही. तो हे सगळं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होता. मग त्याला दिसलं, समोरचे हात थांबलेत.

“कोण होतं तुमचं?”

“ताई,” ती म्हणाली. “नऊ वर्षं झाली. इथेच.”

त्यानं नाव विचारून वहीत नंबर शोधला, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा ओढला, आणि त्यातला एक चौकोन तिच्या तळहातावर ठेवला. पिवळा. आई गेल्यावर ज्या ताईनं तिला वेणी घालून शाळेत पाठवलं, दुकान उभं केलं, गिऱ्हाइकांशी गोड आणि उधारीशी कडू वागायला शिकवलं, तिच्यातलं एवढंच काय ते जगात उरलं होतं. रडू आलं नाही. वजन जाणवत नव्हतं, एवढंच तिनं मावशीला नंतर सांगितलं.

दीड महिन्यात तिनं संस्था काढली. सात माणसं लागतात म्हणाले, तर गिऱ्हाइकांतून तीन शिंपी, एक पडदे शिवणारी आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका अशी पाच पकडली. सहावी मावशी. तिनं आधी सही केली आणि मग संस्थेचा उद्देश काय यावर तासभर भांडली. उद्देश साधा होता: कर्करोगाच्या संशोधनासाठी देणग्या जमवायच्या, आणि हे तुकडे वाया जाऊ द्यायचे नाहीत. दुकानामागच्या खोलीत टेलिफोन आला. ती रोज दुपारी घराघरांत फोन करायची – आपण नात्यानं कोण, तुकडा ठेवलेला आहे हे ठाऊक आहे का, कापला तर उरणार नाही हे समजलं का, संमती आहे का. चार प्रश्नांना कधी चार मिनिटं लागायची, कधी दीड तास. लोक रडायचे, भांडायचे. एका आजोबांनी बायकोच्या भांडकुदळपणाचे किस्से सांगून तिला इतकं हसवलं, की संमती विचारायचीच राहिली.

तो दर बुधवारी नव्या नावांची यादी घेऊन यायचा. यादी इस्पितळाच्या टपालानं आली असती. पण तो स्वतः यायचा, आणि आलोच आहे तर म्हणून एक बटण घ्यायचा. एकच.

“हा मेणवाला एवढी बटणं लावतो कुठे?” मावशीनं एकदा त्याच्यासमोरच विचारलं. “अंगाला?”

तो कानापर्यंत लाल झाला. तिनं त्याच्याकडे न बघता बटण कागदात गुंडाळलं... एका बटणाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लावून.

आठ-नऊ महिने असे गेले. मग संशोधन विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार अभ्यासाला घेतला. तो ताईचाच होता. यादीतल्या सगळ्यांना फोन झाले. एक घर सोडून. शंभर माणसांना ‘द्या’ म्हणणारी बाई स्वतःच्या घराचा फोन रोज उद्यावर ढकलत होती, आणि दहावं वर्ष भरत आलं होतं. महिनाअखेर कपाट साफ व्हायचं होतं.

त्या बुधवारी त्यानं यादी आणली नाही. काउंटरशी उभा राहून तो म्हणाला, ताईंचा तुकडा मी पुढच्या वर्षीच्या कप्प्यात ठेवलाय. नोकरीत पहिल्यांदा नंबर चुकवला. मुद्दाम.

इतकं तिच्यासाठी कुणी केलं नव्हतं. पण ती चिडली. तुमच्या दयेवर ताईला ठेवू का, म्हणाली. ज्या लोकांना मी हिमतीनं द्या म्हणते त्यांना काय तोंड दाखवू. आत्ताच्या आत्ता जागेवर ठेवा. तो बटण न घेताच गेला. मावशीनं संध्याकाळपर्यंत तिच्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतला फोन वाजला.

“लॅबमधून बोलतोय,” तो घसा खाकरून म्हणाला. “तुकडा जागेवर ठेवलाय. आता... आपण नात्यानं कोण?”

ती खुर्चीवर बसली. “बहीण. धाकटी.”

“तुकडा ठेवलेला आहे हे ठाऊक आहे?”

“आहे.”

“कापला तर उरणार नाही, हे समजलं?”

तिनं विचारलं, थोडासुद्धा नाही? त्यानं सांगितलं, लहान आहे. खोटं कशाला सांगू, काही उरणार नाही.

तिनं समोरच्या रिळाचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. त्यानं घाई केली नाही.

“कापणार कोण?” तिनं विचारलं.

“मी.”

“मग आहे संमती,” ती म्हणाली. आवाज मध्येच फाटला, तो तिनं फाटू दिला. “कागद पाठवा. सही करते.”

“बरं.” मग तो थांबला. “आणखी एक प्रश्न होता... तो आपल्या चारांत नाही.”

“विचारा.”

“रविवारी... संस्थेचं काही काम नसताना... भेटाल?”

ती काहीतरी बोलली. तेवढ्यात पाठीमागे मावशीनं ढीगभर रिळं खाली पाडली, कारण ती दाराशी कान लावून उभी होती.

“काय झालं?” तो घाबरला.

“मावशी आहे. हो म्हणतेय.”

“आणि तुम्ही?”

“मी तिच्या आधीच म्हटलं,” ती म्हणाली. “तिच्या गोंधळात तुम्हाला ऐकू आलं नाही.”