शेवंतीला विचारलं कोणी?

चारकोपच्या पालिका शाळेच्या मागल्या खिडकीतून दोन पाय बाहेर लटकत होते. बाकीचा माणूस आत. रेवतीने बोंब ठोकली, "चोर! चोर!"

पाय थबकले. आतून आवाज आला, "बाई, इथे चोरायला आहे काय? फळा?"

मग पायही आत गायब झाले, धप्पकन काहीतरी पडलं आणि मागच्या दाराची कडी निघाली. दारात तो उभा. शर्टाला चुना, केसांत कोळिष्टक आणि डोळ्यांत असं हसू, की रेवतीने आपली ओढणी उगाचच नीट केली.

"वॉचमन चावी घेऊन गावाला गेलाय," तो म्हणाला. "पोरं यायची वेळ झाली. तुम्हीच ना मालाडच्या नव्या ताई?"

"हो... आणि तुम्ही?"

"चोर. पण इथे सर्वेश म्हणतात."

'पुढाकार' नावाची संस्था. दर शनिवारी वस्तीतल्या नववी-दहावीच्या मुलांना जमवायचं, त्यांना सभेत बोलायला, चार जणांना सोबत घ्यायला शिकवायचं. रेवती नोकरी करून यायची. मन चांगलं, शनिवार मोकळा. सर्वेश इथलाच. आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली. हा याच संस्थेत शिकला, पुढे बँकेत लागला, तरी शनिवार कुणाला दिला नाही. पोरांना कधी 'बिचारे' म्हणाला नाही. भांडण झालं तर मिटवायचा नाही, म्हणायचा, "तुमचं तुम्ही मिटवा, मी चहा पितो." आणि ती खरंच मिटवायची! रेवती बघत राहायची. आधी मुलांकडे, मग त्याच्याकडे... मग नुसतंच त्याच्याकडे.

संस्थेचा नियम असा, की मुलांसमोर सगळ्यांनी एकमेकांना ताई-दादा म्हणायचं. तो बिनधास्त 'रेवतीताई' म्हणून ओरडायचा. हिच्या तोंडून 'दादा' काही निघेना. "ऐक ना", "ते बघ", "अरे इकडे" – हिचं सगळं असंच चाले.

"मला नाव नाहीये का गं?" एकदा खुर्च्या रचताना त्याने विचारलं.

"आहे की."

"मग घेत का नाहीस? नियम आहे."

"नियम मला परवडत नाही," ती म्हणाली आणि खुर्ची त्याच्या पायावर ठेवली.

तो कळवळला. पण हसतच. पुढच्या शनिवारपासून 'रेवतीताई'तली ताई त्याच्याही तोंडून गळाली. पोरांनी ते बरोब्बर टिपलं.

मग देणगीदारांचा कार्यक्रम आला. अशा कार्यक्रमांचं एक दुखणं आहे आणि ते कुणी बोलत नाही. गरिबाच्या पोराकडून पाहुण्यांना दोनच गोष्टी हव्या असतात – नाचणं नाहीतर रडणं. नाच झाला की एकजण माइकवर येतो, बापाची दारू, आईचे हाल सांगतो. पाहुणे रुमाल काढतात, संस्थेचं वर्ष निघतं. संस्थेचे चंद्रप्रकाश सर रेवतीला म्हणाले, "शेवंती छान बोलते. तिच्या वडिलांचं सगळं येऊ दे. तू बसव तिचं भाषण."

आणि रेवतीने बसवलं! अगदी मनापासून. हिला वाटलं, पोरीला स्टेज मिळतंय.

"इथे थांब गं... खाली बघ... हां, आता हळूच वर. आवाज थोडा कापू दे."

शेवंती कापऱ्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी आईला..."

"बंद कर!" दारातून सर्वेश गरजला. रेवतीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. "लाज नाही वाटत? तिच्या घरातली मारहाण विकतेस?"

"विकते? मी तिला बोलायला शिकवतेय!"

"मीही शिकलो होतो. याच संस्थेत, चौदा वर्षांचा होतो. सांगितल्या जागी रडलो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीत पोरं माझ्या बापाची नक्कल करत होती. बाप महिनाभर मान वर करून चालला नाही." त्याचा आवाज खाली आला. "शेवंती बोलणार नाही. विषय संपला."

"तू कोण ठरवणार?"

"आणि तू कोण गं?"

"ओ!" शेवंती मधे उभी राहिली. आजीचं नाव आणि आजीचीच जीभ. "हा म्हणतो बोलू नको, ही म्हणते रड. मला विचारलं कोणी? शनिवारी शिकवता ना, नेत्याने आधी ऐकून घ्यावं? ऐका की मग! मला बोलायचंय. बाबांवर नाही. मैदानावर."

रेवतीचे कान तापले. सर्वेशने कपाळावर हात मारला, "वाट लागली यार... पोरगी आपल्याच पुढे गेली."

कार्यक्रमाच्या दिवशी रेवती बाजूच्या पडद्याआड उभी होती, सर्वेश समोरच्या पडद्याआड. भाषण बदललंय हे सरांना ठाऊक नव्हतं. शेवंतीने माइक हातात घेतला.

"आमच्या सेक्टरचं मैदान संध्याकाळी मुलग्यांचं. क्रिकेट. आम्हाला कबड्डी खेळायची होती. आम्ही भांडलो नाही. एकेका मुलाच्या आईकडे गेलो. म्हटलं, काकी, तुमचा सचिन अभ्यास सोडून तीन तास कुठे असतो माहितीये का?"

सभागृहात हशा फुटला. पाठीमागच्या रांगेतले मुलगेसुद्धा माना खाली घालून हसत होते.

चंद्रप्रकाश सर पडद्याआड धावत आले. "हे काय चाललंय? वडिलांचं कुठाय? रेवती, आत्ता जा, माइक घे, पुढचा नाच लाव!"

रेवतीने स्टेजकडे पाहिलं. तिथे एक पंधरा वर्षांची पोर कुणापुढेही न वाकता बोलत होती. हे शिकवायलाच तर इतके शनिवार आलो ना आपण?

"नाही सर. बोलू दे तिला."

"मग पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. आणि वाटेतून हलली नाही. शेवंती शेवटपर्यंत, मैदान मिळालं तिथपर्यंत बोलली. रुमाल एकही निघाला नाही. लोक हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेरच्या पायरीवर येऊन बसली. कारखान्यांकडून गरम प्लास्टिकचा वास येत होता आणि तिला हुंदका येत होता. सर्वेश शेजारी टेकला.

"कळलं मला. मीही सोडतो संस्था."

"खबरदार! पोरांना वाऱ्यावर सोडशील? तू आत राहायचंस आणि पुढच्या वर्षी कुणी असलं भाषण बसवलं तर भांडायचंस."

"आणि तू?"

"मला मैदान आहे. शेवंतीने विचारलंय, कबड्डीला पंच होशील का म्हणून."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "मी त्या दिवशी तुला फार बोललो. पण आज सरांसमोर तू उभी राहिलीस... आमच्यातलं कुणी कधी राहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

"एवढंच सांगायला आलास?"

"नाही..." चारशे लोकांसमोर न अडखळणारा माणूस ततपप करू लागला. "म्हणजे... आई घरी आहे. बांगडा तळतेय. तू खातेस?"

"आमच्याकडे नाही खात."

"मग आई सोलकढी-भात देईल. नाही म्हणालीस की ती ताटात ढकलणार नाही."

"आणि आईला काय सांगशील, कोण आहे ही?"

"ते तू सांग. मी ठरवणार नाही. परवाच अक्कल आलीय."

रेवती हसली, डोळे मात्र भरले. "सांगेन... तुमचा मुलगा मला फार आवडतो, काकी. असं चालेल?"

तो कानापर्यंत लाल झाला. दोघं उठून सेक्टरच्या गल्लीत चालू लागले. ओट्यावरच्या बायका बघत होत्या, पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. त्याचा हात तिच्या हाताजवळ आला, थांबला.

"धरू?" त्याने हळूच विचारलं.

"किती वेळ लावलास रे विचारायला, सर्वेश," ती म्हणाली आणि आपणच त्याचा हात धरला, सगळ्या गल्लीदेखत.