रुमानियाची विणकरीण

बसा. ऐकून हसायचं असेल तर नंतर हसा.

मी इथं, नागपूरच्या या संग्रहालयात, जुनी चित्रं दुरुस्त करते, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या आठवड्यात एक रुमानियन चित्र साफ करायला माझ्याकडे आलं, १९३१ सालचं. मागावर बसलेली एक पाठमोरी बाई, समोर हातभर पांढरं कापड आणि ताण्यातला एक उभा धागा तुटलेला. चित्रामागच्या मजकुराचं भाषांतर फायलीत होतं. चित्र पुरं होण्याआधीच विणकरीण वारली, म्हणून धागा तसाच ठेवला आहे.

मी ते वाचलं होतं. तरी घोळ केलाच. उमरेडच्या विणकरांची पोर मी, तुटका धागा दिसला की बोटं स्वस्थ बसत नाहीत. रंग उडाला असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि बारीक ब्रशनं धागा सांधला. वर गाठही रंगवली, आई मारते तशी.

दुसऱ्या दिवशी कापड वाढलेलं दिसलं. डोळे थकले असतील, म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याला काठ आला होता, करवतीच्या दातांचा. आमच्या उमरेडचा काठ, त्या परक्या बाईच्या मागावर! भर दुपार, बाहेर पंचेचाळीस डिग्री. आणि खोलीत ओल्या सुताचा वास येत होता.

आईला फोन केला. सगळं सांगितलं.

“मेलेल्याच्या मागाचा धागा काहून जोडला वं?... आपल्या घरात कोणी जोडत नाही.”

“जोडला तर काय होते, माय?”

“जो जोडते, त्याचंच कफन विणल्या जाते... पुरं होऊ देऊ नको, वंदना.”

काल मी पात्यानं ती गाठ खरवडली. आज दुपारी कुलूप उघडलं, तर चित्रात माग रिकामा होता. कापड नाही. बाईही नाही. सुटले म्हणावं की ओरडावं, मला कळेना. तेवढ्यात उमरेडहून माझ्या धाकट्या भावाचा, सुशीलचा फोन आला.

“ताई, एक बाई आली होती घरी, तुह्या ऑफिसातली असंन. माय देवळात गेली होती.”

“कोण बाई?”

“काही बोलतच नाही. मांडीवर पांढरं कापड, करवती काठाचं. भिंतीवरच्या तुह्या फोटोकडं बोट करून, तू केवढी आहे, हातानंच विचारून राहिली होती.”

“तू... काय सांगितलं?”

“माह्या खांद्याएवढी म्हटलं. मंग तिनं माह्या पायापासून खांद्यापर्यंत कापड लावून पाह्यलं. बरोबर झालं.”

“सुशील, तिचं तोंड पाहिलं का रे?”



“नाही वं... मापताना बी पाठच होती माह्याकडं.” मग हळूच म्हणाला, “आत्ताच नागपूरच्या बसमधी बसवून दिलं तिले. काहून?”

तेव्हा साडेतीन वाजले होते. उमरेडची बस दीड तास घेते. आता पाच वाजत आलेत.

मला फार भीती वाटते आहे. तुम्ही एवढ्यात निघू नका... आणि तेवढं दार आतून लावून घ्या.