किलबार्ननचं पाणी

डिलियाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिचा नवरा फेस्टस रडला. डिलियाने मात्र विचारलं, "कापलेला पाय घरी नेता येईल ना?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" फेस्टस म्हणाला.

"डोकं आहे. पायच चाललाय."

आयर्लंडच्या त्या पश्चिम टोकाला शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की दफनभूमीत जो शेवटी येतो त्याने आधीच्या सगळ्या मेलेल्यांना पाणी भरायचं, पुढचा येईपर्यंत. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की माणसं शवपेटी खांद्यावर घेऊन फाटकाकडे अक्षरशः धावत सुटतात. डिलियाच्या आईचं नशीबच फुटकं. तिला पुरलं आणि त्याच हिवाळ्यात किलबार्ननचं जुनं चर्च बंद झालं. नवं चर्च, नवी दफनभूमी हमरस्त्याला. जुन्याचं छप्पर कोसळलं, भिंती वेलींनी गिळल्या, आणि पुढचा कुणी आलाच नाही. विहिरीच्या वाटेवर बादली घेतलेली म्हातारी दिसते, असं मेंढ्यांमागे जाणारे सांगत. डिलियाला ती कधी दिसली नव्हती. पण त्या ओसाड वाटेवरचं गवत कायम तुडवलेलं असे, एका माणसापुरतं.

"जन्मभर आमच्यासाठी पाणी वाहिलं तिनं," ती म्हणाली. "मेल्यावरही तेच? मी सोडवणार तिला."

पाय किलबार्ननला पुरायचा म्हटल्यावर फादर मॅलकी आढेवेढे घेऊ लागले. "डिलिया, पाय म्हणजे माणूस नव्हे गं."

"माझा बाप्तिस्मा झाला फादर, तेव्हा पाय घरी ठेवून नव्हते आले."

फादर आले. फेस्टसने बनवलेली छोटी पेटी भरदुपारी आईच्या शेजारी पुरली. डिलियाने चाकांच्या खुर्चीतून वाकून माती लोटली.

पुढच्याच आठवड्यात, स्वयंपाकघरात बसलेली असताना, नसलेल्या तळव्याला ओलं गवत लागलं. मग घोट्यापर्यंत गार पाणी. कापलेला पाय असा जाणवतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. विहिरीचं काही सांगितलं नव्हतं.

"सुटली, फेस्टस! आई सुटली!" ती हसता हसता रडली.

शनिवारी दुपारी बटाटे सोलता सोलता तिची सुरी थांबली.

"काय झालं?"

"कुणीतरी माझा पाय धुतंय."

"कुठला?"

"तिकडचा."

बोटांच्या बेचक्यांतून एक अंगठा सावकाश फिरत होता, करंगळीपासून सुरुवात करून. रविवारी चर्चमधल्या मिस्साआधी आई सगळ्या पोरांचे पाय असेच धुवायची.

अंगठा थांबला. घोट्यावर हलकी चापट बसली.

एक पाय झाला की आई ती चापट मारायची. म्हणजे आता दुसरा पुढे कर.

"डिलिया," फेस्टस दबक्या आवाजात म्हणाला, "पाय खाली ठेव."

"मी नाही उचललेला."

तिचा धडधाकट उजवा पाय फरशीपासून वीतभर वर आला होता, आणि त्यावरचा लोकरीचा मोजा करंगळीकडून ओला होत चालला होता.